ठमाबाई आणि मिसरचा शेणकिडा

गुणाजी सोनार सांगे की, ठमाबाई पहिल्यांदा त्याच्या दुकानात येऊन बसल्या त्या दिवशी शेगडीतले निखारे आपणहून विझले. पारनाक्यावरच्या कुत्र्यांनी शेपट्या पायांत घातल्या. समोरच्या वाण्याने कोणी न मागता मापात मूठभर तांदूळ जास्त टाकले. कल्याणच्या खाडीला लागलेली भरतीसुद्धा, आपण वेळेवर आलो ना, असा विचार करत जरा थबकली. पुढे दर वेळी सांगताना यात भर पडत गेली, आणि गुणाजीच्या म्हातारपणी तर त्या दिवशी सूर्यही ढगाआडून डोकावून मगच बाहेर आला होता.

खरं म्हणजे झालं एवढंच होतं की, एका खात्यापित्या घरच्या जुन्या पाटल्या आटवून हातातले गोठ करायचे होते आणि घरातले पुरुष गावाला गेले होते. सोनाराकडे सोनं दिलं की घरचं कोणीतरी समोर बसायचं, ही रीतच. सोनं वितळवायची मूस शेगडीत गेली की डोळा हलवायचा नाही, पाणी प्यायला उठायचं नाही, रस्त्यावर मिरवणूक आली तरी मान वळवायची नाही. सोनाराला याचा राग येत नाही. मासळी नेणारीने खवले नखाने टोकरून पाहिले तर कोळीण कुठे रागावते? पण घरात बसायला माणूस नसलं तर? त्या घराने ठमाबाईंना पाठवलं होतं.

ठमाबाई उंबऱ्याच्या आत बसल्या. साधं लुगडं, मोकळा गळा, मोकळे कान, मोकळे हात. अंगावर सोन्याचा कण नसलेली ही बाई दुसऱ्याच्या सोन्यावर अशी नजर लावून बसली की, गुणाजीला आपण उघडे आहोत असं वाटायला लागलं.

"पागोटं काढा," ठमाबाई म्हणाल्या.

गुणाजीने काढलं. त्यांनी ते घेऊन झटकलं. मग तोंडातलं पान थुंकायला लावलं, कारण गालात पानाशेजारी आणखीही काही मावतं. फुंकणी उलटी करून आपटायला लावली. मांडीवरचं फडकं धुवायला लावून पाणी गाळून पाहिलं. शेवटी शेगडीतली राख मागितली. सोनाराची राख म्हणजे झारेकऱ्याची दौलत. वर्षाकाठी तो ती विकत नेतो आणि धुऊन त्यातले कण काढतो. गुणाजीने राखही दिली. गोठ झाले, वजन बरोबर भरलं, आणि ठमाबाई "बरोबर कसं काय भरलं?" असं पुटपुटत गेल्या. त्या गेल्यावर गुणाजीने दार लोटून घेतलं आणि आपण नकळत काही चोरलं तर नाही ना, म्हणून स्वतःचीच बंडी चाचपून पाहिली.

तेव्हापासून ठमाबाई गुणाजीपुढे बसू लागल्या त्या बसतच राहिल्या. आज या घराच्या वतीने, उद्या त्या घराच्या. मोबदल्यात नारळ, पायलीभर तांदूळ, सणाला लुगडं. दोघांची जातही एकच, धंदाही एकच म्हणायचा. एक सोनं घडवी आणि दुसरी त्याच्यावर संशय घेई.

हा संशय काही हवेतून आलेला नव्हता. ठमाबाईंचे यजमान स्वतः सोनार होते, ठाण्याला कोर्टाच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. सोनाराच्या हातचलाख्या किती आणि कशा, हे बाईंना बिछायतीवरच्या घड्यांइतकं ठाऊक होतं. नवरा त्यातली एकही करत नव्हता, आणि याच गोष्टीचा त्यांना शेवटपर्यंत संशय राहिला. नवरा गेला, मागोमाग भाऊ-भावजय पटकीच्या साथीत गेली, आणि भावाची मुलगी शेवंती पदराला बांधून त्या कल्याणला आल्या.

गवळ्याला दारात म्हैस घेऊन यावं लागे, आणि म्हैस आली की ही कालचीच का, याची चौकशी होई. स्टेशनातल्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. साहेबाचं घड्याळ साहेबाच्या सोयीने चालायचं. ज्योतिषाला त्या आधी त्याची स्वतःची पत्रिका मागत. चतुर्थीचा चंद्रदेखील त्यांनी कधी पहिल्या दर्शनात मान्य केला नाही. जरा थांबून, तो हलत नाही अशी खात्री झाल्यावरच नैवेद्य दाखवीत.

या सगळ्याचा त्रास चंद्राला झाला नाही, शेवंतीला झाला. तिच्याबरोबरीच्या मुलींच्या कडेवर पोरं आली तरी हिचं लग्न ठरेना. पनवेलच्या मुलाचे कान फार स्वच्छ होते. एवढे कान धुणारा माणूस काहीतरी ऐकून विसरू पाहतोय. भिवंडीचा फार हसला. मुरबाडच्या लोकांनी हुंडा मागितला नाही, तेव्हा तर ठमाबाई पाटावरून उठल्याच. काही मागत नाहीत म्हणजे काही दडवतायत. गावात कुजबुज व्हायला लागली, आणि शेवंती पाणवठ्यावर एकटीच जाऊ लागली. ती मुलगी तोंडाने गोड आणि डोक्याने तल्लख. गुणाजीची बायको हौसाबाई तर उघड म्हणे की, ही आपल्या घरात यायला हवी. पण गुणाजीला मुलगा नव्हता. भाचा होता, राघो, आणि तो मिसरात होता.

अठराशे ब्याऐंशी सालच्या पावसाळ्यात साहेबाने मिसर देशावर, म्हणजे इजिप्तवर, स्वारी केली आणि मुंबईहून पलटणी बोटींतून सुएजला गेल्या. राघोला मामाच्या भात्यापुढे बसून शेगडी फुंकायचा कंटाळा आला होता. लष्करी दवाखान्यात जखमांना पट्ट्या बांधायला माणसं हवी होती, तो त्यात भरती झाला. लढाई लवकर आटोपली. राघो परत आला तो वाळलेला, काळवंडलेला, छातीवर सरकारचं पदक आणि तोंडात गोष्टींची पोतडी घेऊन. पहिले काही दिवस पारनाक्यावर दुसरं काही चालेना. उंटांच्या गोष्टी झाल्या, वाळूतल्या डोंगराएवढ्या थडग्यांच्या झाल्या, आणि तोफेच्या माऱ्यातून आपण डाक्टरसाहेबाला पाठीवर घालून कसं आणलं, ही तर रोज झाली आणि रोज तोफा वाढल्या.

राघोने शेवंतीला विहिरीवर पाहिलं, शेवंतीने राघोला पाहिलं, आणि हौसाबाईने दोघांना पाहिलं. मग बाकी राहिलं एवढंच की, ठमाबाईंना विचारायचं. गुणाजीने हे काम चार वेळा पुढे ढकललं. शेवटी एकदा त्या कोणाच्या तरी पुतळ्यांच्या माळेवर पहारा द्यायला आल्या असताना त्याने पुतळीकडे बघत बघत बोलून टाकलं.

ठमाबाईंनी नाही म्हटलं नाही. हीच धास्तीची गोष्ट होती. त्या म्हणाल्या, "मुलगा मुलीच्या अंगावर काय घालणार, ते आधी बघू. डागिना बघितला की घालणारा कळतो."

गुणाजीने भाच्याला सांगितलं, दुकानातली चांगलीशी ठुशी दाखवू. राघो हसला. "मामा, ठुशी कोणीही घालील. मी आणलंय ते कल्याणात काय, अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कोणाकडे नाही."

ठरल्या दिवशी सकाळी ठमाबाई आल्या, मागे शेवंती आली. हौसाबाईने गूळपाणी ठेवलं. ठमाबाईंनी गुळाचा खडा उन्हात धरून पाहिला आणि परत ठेवला. राघोने रेशमी रुमाल सोडला. आत एक सर होता. निळे मणी, काळे मणी, मधून पिवळ्या तारेच्या कड्या. त्यात ओवलेला एक डोळा, निळ्या काचेसारखा, भुवईसकट आणि खाली ओघळलेल्या रेघेसकट. एक तांबड्या दगडाची गाठ. आणि मधोमध, पदकाच्या जागी, अंगठ्याएवढा हिरवा किडा.

हौसाबाई वाकून बघू लागली. मग ठमाबाईंनी विचारलं, "हे झुरळ आहे?"

"शेणकिडा, आत्याबाई," राघो अभिमानाने म्हणाला.

हौसाबाईने पदर तोंडाला लावला. गुणाजीला आपली ठुशी आठवली.

पण राघोने सांगायला सुरुवात केली, आणि त्याला सांगता येत होतं हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्या डाक्टरसाहेबाला असल्या जुन्या वस्तूंचा नाद होता. तो मोडक्या हिंदुस्तानीत एकेकाचा अर्थ समजावून देई. मिसरचे जुने लोक म्हणत, शेणकिडा शेणाचा गोळा ढकलत नेतो तसा एक देव सूर्याचा गोळा आभाळातून ढकलत नेतो. गोळ्यातूनच किड्याची पिल्लं बाहेर पडतात, तेव्हा हा मेलेल्यातून पुन्हा जन्मणारा. म्हणून राजेसुद्धा शेणकिडा गळ्यात घालत. डोळा हा एका देवाचा. भांडणात तो फुटला, दुसऱ्या देवाने तो पुन्हा नीट केला. म्हणून तो घातला की दृष्ट लागत नाही आणि मोडलेलं सांधतं. तांबडी गाठ एका देवीची; तांबडा रंग तिच्या रक्ताचा, ती बांधली की देवी पाठीशी. हिरवा रंग उगवत्या पिकाचा, निळा आभाळाचा आणि पाण्याचा. आणि सोनं म्हणजे देवांचं मांस.

"मांस?" गुणाजीने विचारलं. मासळीपलीकडे कशालाही हात न लावणाऱ्या गुणाजीने रोज सोनं हाताळणारे दोन्ही हात मांडीवरून उचलले आणि हवेत धरले.

शेवंती मात्र पुढे सरकून ऐकत होती. आपल्याकडेही बाळाच्या गळ्यात वाघनख असतं, बायकांच्या वेणीत नाग असतो, गळ्यात कोयरी असते, असं ती हळूच म्हणाली. राघोला आणखी चेव आला. त्याने किडा उलटा केला. पोटावर बारीक खुणा कोरलेल्या होत्या, पक्षी, नाग, रेघा.

"हा साधा किडा नव्हे. हा मेलेल्या माणसाच्या काळजावर ठेवायचा. मेल्यावर तिथे काटा असतो, मामा, अगदी तुझ्या दुकानातल्यासारखा. एका पारड्यात माणसाचं काळीज, दुसऱ्यात एक पीस. काळीज पिसापेक्षा जड भरलं तर शेजारी जनावर टपलेलं असतं, मगरीच्या तोंडाचं. ते काळीज खाऊन टाकतं. आणि काळीज तिथे बोलायला लागतं. माणसाने काय काय केलं ते सगळं. म्हणून त्याच्यावर हा किडा ठेवायचा आणि त्यावर लिहायचं, हे माझ्या काळजा, काट्यापाशी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस."

बाहेर वाण्याच्या दुकानात माप आपटल्याचा आवाज आला. गुणाजीने नकळत छातीला हात लावला. त्याला वाटलं, ठमाबाई आता विरघळतील. काटा आहे, साक्ष आहे, टपलेलं जनावर आहे, यांच्या आवडीचं सगळं यात आहे.

ठमाबाई किड्याकडे बघत होत्या. मग त्यांनी राघोकडे पाहिलं.

"म्हणजे ज्याला लपवायचं असतं, तोच हा घालतो."

राघोचं हसू थोडं कमी झालं.

"तुला काय लपवायचं आहे?"

राघो म्हणाला, काही नाही. हे त्याने जरा लवकर म्हटलं. गुणाजीच्या ते लक्षात आलं, आणि ठमाबाईंच्या तर त्याच्या आधीच आलं असणार. त्यांनी पिवळी कडी गुणाजीपुढे केली. गुणाजीने कसोटीवर ओढली. रेघ तांबूस उठली. मिसरचं सोनं हजारो वर्षांचं, जरा थकलेलं असतं, असं राघो घाईने म्हणाला. गुणाजीने उभ्या आयुष्यात थकलेलं सोनं पाहिलं नव्हतं, पण भाच्याकडे बघून त्याने कसोटी बाजूला ठेवली. मात्र त्या क्षणापासून त्यालाही शंका आली. संशय हा खरजेसारखा आहे. शेजारी बसलं की लागतो.

ठमाबाईंनी त्या रेघेकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं बोट एका काळ्या मण्यावर होतं.

"आणि हे कोणाच्या गळ्यातले?"

सगळ्यांनी सराकडे नव्याने पाहिलं. काळे मणी. मधून पिवळ्या कड्या. मध्ये गाठ. इतका वेळ किड्याच्या नादात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, पण आता दिसलं आणि दिसलं ते पुसता येईना. लहान पोरालाही कळेल की काळे मणी कोण ओवतं आणि कधी.

"कोणाच्या नाही," राघो म्हणाला. "ते... तिथे असेच ओवतात."

"का ओवतात?"

शेवंतीने मान खाली घातली. राघोचे कान तांबडे झाले, त्या गाठीसारखे. ठमाबाईंनी रुमालाची टोकं एकेक करून सरावर टाकली आणि त्या उठल्या.

"पितळेची शंका कसोटीवर फिटते," त्या गुणाजीला म्हणाल्या. "काळ्या मण्यांची कशी फिटायची? याची तिथे बायको आहे."

पुढचे दिवस फार वाईट गेले. पारनाक्यावर मिसरची बाई आकार घेऊ लागली. आधी ती नुसती होती. मग तिला गोरा रंग आला, मग निळे डोळे, आणि शेवटी वाण्याने खात्रीपूर्वक सांगितलं की, ती उंटावर बसून कल्याणकडे निघालेली आहे. हौसाबाईने भाच्याला जेवताना दोनदा विचारलं, खरं काय ते सांग. राघो म्हणाला, बायको नाही. मग मणी कुठून आले, तर तो ताटातून उठला. गुणाजीला वाटलं, बहिणीचा मुलगा, आपल्या हाताखाली वाढलेला. मग वाटलं, पण वाढला तो आपल्या हाताखाली, गेला तो आपल्याला न विचारता. तो कसोटीवरची ती तांबूस रेघ पुसायला विसरला होता. रोज दुकान उघडलं की ती दिसे.

शेवंतीने मात्र रडणं-बिडणं केलं नाही. ती आत्याला म्हणाली, "आत्या, तिथे बायको असती तर तिचे मणी तिच्याच गळ्यात असते ना? हा जिवंत असताना ती कशाला काढून देईल?"

ठमाबाईंनी विचार केला. "म्हणजे ती मेली असेल."

"मग शंका कसली?"

"कशी मेली?"

इथे शेवंतीने हात टेकले. पण ती एवढं म्हणून गेली की, आत्या, पनवेलच्याचे कान, भिवंडीच्याचं हसू, मुरबाडचा हुंडा. आता याचे मणी. याच्यानंतर कोणी येणार नाही, एवढं बघून ठेव. ठमाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत, असं शेजारीण सांगे. आंबट ताक होतं म्हणून जेवल्या नाहीत, असं ठमाबाई सांगत.

दुसऱ्या दिवशी त्या गुणाजीच्या दारात उभ्या. राघोबरोबर मिसरात गेलेला दगडू नावाचा एक आगरी कोपर गावी असतो, असं त्यांनी कुठून तरी काढलं होतं. तो खेचरं सांभाळायला गेला होता. त्याच्याकडे जायचं. गुणाजीने बरोबर यायचं, कारण दगडू काय बोलला ते नंतर कोणी बदलून सांगू नये. गुणाजीने दुकान बंद केलं आणि बैलगाडी सांगितली. गाडीवान नेहमीच्याच रस्त्याने नेतो आहे ना, हे ठमाबाई डोंबिवलीचं शिवार लागेपर्यंत बघत होत्या. गुणाजीचा हिशेब दोन्हीकडून तोट्याचा होता. खरं निघालं तर भाचा गेला, खोटं निघालं तरी या बाईचं समाधान होणार नाही.

कोपरला खाडीच्या कडेला दगडूचं घर होतं. दगडू अंगणात जाळं विणत होता. राघोचं नाव काढताच तो तोंडभर हसला.

"राघो ना? बरा हाय ना त्यो आता?"

बरा म्हणजे, गुणाजीने विचारलं. लढाईत काही लागलं होतं का?

"लराईन? त्यो कुठला लराईला! बोटीवून उतारला तवाच पोट धरून दवाखान्याचे तंबून परला, तो पलटन परत निघाली तवाच उठला. डाक्तरसायबानीच त्याला जगवला."

म्हणजे वाचवलं होतं खरं, पण कोणी कोणाला ते उलटं होतं. गुणाजीने ठमाबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हलला नाही. हे त्यांना पदक पाहिल्यापासून माहीत असावं. त्यांनी सरळ विचारलं, तिथे राघोची बायको होती का?

दगडूला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर तो इतका हसला की, त्याच्या हातून जाळ्याची सुई पडली. जो माणूस तंबूच्या दारापर्यंत जायला दोन माणसं मागायचा, तो लग्न कसलं करतो! ठमाबाई म्हणाल्या, मग काळे मणी? त्यांनी सराचं वर्णन केलं. डोळा, गाठ, हिरवा किडा.

दगडू उठला आणि त्यांना गोठ्याकडे घेऊन गेला. गोठ्यात एक म्हैस रवंथ करत होती. तिच्या गळ्यात निळे मणी, काळे मणी, पिवळ्या कड्या, एक डोळा, एक तांबडी गाठ, आणि मधोमध अंगठ्याएवढा हिरवा किडा.

"दिस्ट लागून दूध आटलं व्हतं तिचं," दगडू म्हणाला. "आमचे बायकोने नय घातला. बोलली, किरा मी नय घालायची. मंग म्हशीला घातला."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तंबूच्या दाराशी रोज एक फेरीवाला टोपली घेऊन यायचा. आधी त्याच्याकडे नुसते निळे सर असत. ते कोणी घेईना. मग त्याने हिंदुस्तानी शिपायांना विचारून घेतलं की, तुमच्या बायका गळ्यात काय घालतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक सरात काळे मणी आले. टोपलीभर सर खपले. निम्म्या पलटणीने तेच घेतलं. डाक्टरसाहेबाकडचा किडा खरा होता, जुन्या थडग्यातला. हे त्याच्याकडे बघून मातीचे साच्यात पाडलेले आणि वरून हिरवे रंगवलेले.

ठमाबाई म्हशीपाशी गेल्या. म्हशीने मान फिरवली, त्यांनी ती परत फिरवली. किडा उलटा करून पोटावरच्या खुणा पाहिल्या. पक्षी, नाग, रेघा, आणि एका कोपऱ्यात पक्ष्याची चोच तुटलेली, हुबेहूब राघोच्या किड्यासारखीच. साच्यालाच चोच नव्हती.

परतीच्या वाटेवर गुणाजी अंग चोरून बसला होता. बायकोचा आळ गेला, पण आता काय उरलं? पितळेच्या कड्या, खोटा किडा, आणि खोटी बढाई मारणारा भाचा. मुरबाडवाल्यांना हुंडा न मागितल्याबद्दल हाकलणारी ही बाई याला उंबऱ्यावर तरी उभं करेल का? पारनाका जवळ आला तसं त्याने विचारलंच, मग काय ठरलं म्हणायचं?

ठमाबाई बैलांच्या शेपट्या बघत होत्या.

"ज्याला एक टोपलीवाला इतक्या सहज फसवतो," त्या म्हणाल्या, "तो दुसऱ्या कोणाला फसवायचा?"

गुणाजीला ही भाच्याची स्तुती आहे की निंदा, हे कळलं नाही. त्याने ती घाईघाईने स्तुती म्हणून पदरात घेतली.

संध्याकाळी राघो स्वतःहून ठमाबाईंच्या दारात आला. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं, टोपलीवाला, पोटदुखी, न झालेल्या तोफा, पदक तर दवाखान्यातल्या सगळ्यांनाच मिळालं होतं हेसुद्धा. किड्याचा अर्थ मात्र खरा आहे, आत्याबाई, तो साहेबाने सांगितलेला आहे, असं तो शेवटी म्हणाला. ठमाबाईंना त्याचं हे आपणहून खरं बोलणं मुळीच आवडलं नाही, कारण त्यांना शोधून काढायला काही शिल्लक राहिलं नाही. "बस," त्या म्हणाल्या, आणि शेवंतीने आतून गूळपाणी आणलं. राघोने गुळाचा खडा उन्हात न धरता तोंडात टाकला, तेव्हा ठमाबाईंनी मान हलवली. हा फसणारच जन्मभर.

लग्नाचं डोरलं गुणाजीने घडवलं. ठमाबाई समोर बसल्या. गुणाजीला वाटलं होतं, आता सोयरीक झाली, आज तरी पागोटं डोक्यावर राहील. त्यांनी ते झटकलंच, आणि त्या दिवशी तर आधी आतून उसवून पाहिलं. शेवंतीने डोरल्याखाली तो मिसरचा सरही घातला. कोणी हसलं तर ती म्हणे, मोडलेलं सांधणारा डोळा आहे, आणि हिरवा रंग उगवत्या पिकाचा. दोन वर्षांत कड्या काळ्या पडल्या. मग तिने किडा तेवढा काढून देवघरात ठेवला.

राघो आणि शेवंती सुखात नांदले. राघो पुन्हा भात्यापुढे बसला आणि मिसरचं नाव काढेनासा झाला. ठमाबाई म्हाताऱ्या झाल्या. डोळे अधू झाले तरी घरोघरचे लोक त्यांना सोनारापुढे नेऊन बसवत. त्यांना दिसत नाही हे गुणाजीला माहीत होतं, आणि गुणाजीला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. तरी त्याने एकदाही पान तोंडात ठेवून मूस शेगडीत घातली नाही.

शेवटच्या दुखण्यात त्या अंथरुणाला खिळल्या. गुणाजी भेटायला गेला तेव्हा त्यांनी शेवंतीला देवघरातला किडा आणायला लावला आणि तो छातीवर ठेवून घेतला. मी गेले की हा असाच राहू दे, असं म्हणाल्या. गुणाजीला राहवेना. इतकी वर्षं ज्यांनी त्याचं पागोटं झटकलं त्यांची आज पाळी होती.

"ठमाबाई," तो म्हणाला, "ज्याला लपवायचं असतं, तोच हा घालतो ना? तुम्हाला काय लपवायचंय?"

ठमाबाईंनी डोळे उघडले.

"मला काही नाही. पण तिथला काटा कोणी तपासलाय?"

त्यानंतर दोन दिवसांनी त्या गेल्या. शेवंतीने सांगितल्याप्रमाणे किडा छातीवर राहू दिला. काळा तलाव ओलांडून खाडीकडच्या मसणवटीत त्यांना नेलं. अस्थी गोळा करायला गुणाजी आणि राघो गेले, तेव्हा हिरवं काही सापडलं नाही. भाजलेल्या मातीचे दोन तुकडे सापडले, विटेच्या रंगाचे. राघोने ते खाडीत टाकले.